आभाळातून दिसणारी जांबोटीची पालवी

फेब्रुवारी संपत आला की बेळगावहून जांबोटीच्या रस्त्याला लागावं. पिरनवाडी, किणये मागे पडतं, कुसमळीचा पूल ओलांडला की रान सुरू होतं. या दिवसांत ते अर्धं उघडं असतं. साग खराट्यासारखा उभा, ऐनाचा पाचोळा पायाखाली करकर वाजतो. आणि मधेच कोशिंबाचं एखादं झाड, लालभडक. लांबून बघणाऱ्याला वाटतं फुललंय. फांदी खाली ओढून बघितली की कळतं, ही फुलं नव्हेत, पानं आहेत. पिकल्या मिरचीच्या रंगाची, बोटाला मऊ लागणारी, इतकी कोवळी की उन्हासमोर धरली तर शिरा मोजता येतात. काही दिवसांत ती पोपटी होतात, मग हिरवी, आणि मग झाड इतर झाडांत हरवून जातं.

अशाच एका झाडाखाली बसलेल्या काकांना मी विचारलं, "काका, हे दरवर्षी याच वेळेला पालवतंय का?"

"पूर्वी शिमग्याला पालवायचं. आता काय नेम न्हाई बघ. औंदा आधीच लाल झालंय की!"

सीमाभागातल्या कुठल्याही गावात हे वाक्य ऐकायला मिळतं. आंब्याचा मोहर दोनदा येतो, काजू मागे पडतो, पळस आधी फुलतो. त्यात २०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजीच आला. नेहमीची तारीख १ जून. दोन दिवसांत तो मुंबईपर्यंत पोचला आणि "ऋतूच बदलले" ही चर्चा चहाच्या गाड्यावर दिवसभर चालली. पण काकांचं म्हणणं खरं की नाही, हे तपासायचं कसं? कोशिंबाची तारीख तलाठ्याच्या दप्तरात नसते. गेल्या पंचवीस वर्षांतला जांबोटीच्या रानाचा प्रत्येक उन्हाळा कुणी पाहून ठेवला असेल, तर तो वरून फिरणाऱ्या उपग्रहांनी. त्यांनी काय पाहिलं, ते कसं वाचायचं आणि कुठे फसायला होतं, हे या लेखात सांगतो.

झाडांचं वेळापत्रक

झाडाला पालवी कधी फुटली, मोहर कधी आला, फळ कधी पिकलं, पान कधी गळलं, याच्या तारखा नोंदवून त्यांचा हवामानाशी संबंध शोधणाऱ्या शास्त्राला फिनॉलॉजी म्हणतात. शब्द एवढ्यावरच सोडू. मी पुढे "वेळापत्रक" म्हणेन.

अशा नोंदी माणसं फार पूर्वीपासून ठेवत आलीत. जपानमधल्या क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. २०२१ साली तिथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला. बाराशे वर्षांच्या नोंदीत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आपल्याकडे कुणी कोशिंबाची अशी वही ठेवली नाही, म्हणून उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो.

उपग्रहाला हिरवं कळतं कसं

उपग्रहाचा कॅमेरा आपल्या मोबाइलसारखा नुसता फोटो काढत नाही. तो प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे वेगवेगळे मोजतो. त्यातले दोन आपल्या कामाचे.

पहिला लाल. पानातलं हरितद्रव्य अन्न बनवायला लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे भरल्या पानावरून लाल प्रकाश फारच थोडा परत येतो, शंभरातला पाचएक भाग. दुसरा पट्टा लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्याला अवरक्त म्हणतात. पानाला याचा काही उपयोग नसतो. पानाच्या आतल्या स्पंजासारख्या पेशींवर आदळून तो मोठ्या प्रमाणात माघारी फिरतो, शंभरातले चाळीस-पन्नास भाग. म्हणजे आपल्याला जे पान हिरवं दिसतं, ते उपग्रहाला "लाल गिळणारं आणि अवरक्त फेकणारं" असं दिसतं. उघडी माती असं करत नाही. ती दोन्ही थोडं थोडं परत पाठवते.

मग साधा हिशेब. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा, दाट पानांच्या झाडावरून अवरक्त ४० आणि लाल ५ आला. वजाबाकी ३५, बेरीज ४५, उत्तर जवळजवळ ०.७८. उघड्या मातीवरून अवरक्त २५ आणि लाल १५ आला, तर १० भागिले ४०, म्हणजे ०.२५. पाण्यावर हे उत्तर शून्याच्याही खाली जातं. या आकड्याचं शास्त्रीय नाव एनडीव्हीआय. १९७२ साली लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह वर गेला आणि लगेचच्या काळात हा हिशेब रुळला. आपण त्याला "हिरवाईचा आकडा" म्हणू.

नुसती वजाबाकी न करता भागाकार कशाला? डोंगराच्या सावलीत दोन्ही प्रकाश कमी होतात, उन्हात दोन्ही वाढतात. चहा अर्धा ग्लास घेतला काय आणि पूर्ण ग्लास घेतला काय, दुधाचं प्रमाण तेच राहतं. भागाकाराने आपण ग्लास विसरतो आणि प्रमाण धरतो. घाटातल्या उतारांसाठी हे फार कामाचं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. डेअरीवरचा लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतो, म्हैस कुठल्या गोठ्यातली ते सांगत नाही. तसाच हा आकडा हिरवेपणा सांगतो. ते कोशिंब आहे, ऊस आहे की पावसानंतरचं गवत, हे त्याला माहीत नसतं.

एक चौकोन किती गुंठ्यांचा?

उपग्रहाचं चित्र म्हणजे छोट्या चौकोनांची गोधडी. प्रत्येक चौकोनाला एकच आकडा मिळतो, त्याच्या आत काहीही असो.

नासाच्या टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरच्या मोडिस या यंत्राचा चौकोन २५० मीटरचा. म्हणजे जवळजवळ साडेपंधरा एकर. त्यात कोशिंबाची दहा झाडं, सागाची शंभर आणि एखादं भाताचं शेतही असू शकतं. पण हे यंत्र २००० सालापासून जवळजवळ रोज आपल्यावरून जात आलंय, हे त्याचं मोल. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आसपास. पण तो उपग्रह त्याच जागी सोळा दिवसांनी परत येतो. दोन उपग्रह मिळून आठ दिवसांनी. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ आले. त्यांचा चौकोन १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढा, आणि जोडीने ते पाच दिवसांत परत येतात. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा एक कॅमेरा ५६ मीटरच्या चौकोनाने पाच दिवसांत फेरी मारतो.

रोज बघायचं तर धूसर दिसतं, बारीक बघायचं तर रोज दिसत नाही, अशी ही ओढाताण आहे. म्हणून अभ्यास करणारे दोन्ही जोडून वापरतात. लांब काळासाठी मोडिस, नजर बारीक करायची तेव्हा सेंटिनेल.

कणकुंबी ते अथणी, एकाच जिल्ह्यातल्या चार रेघा

आता एक चौकोन घ्या आणि त्याचा वर्षभराचा हिरवाईचा आकडा जानेवारी ते डिसेंबर असा कागदावर मांडा. चढ-उताराची एक रेघ मिळते. या रेघेत झाडांचं वेळापत्रक लपलेलं असतं. आकडा तळाला जातो ती पानगळ, वर चढायला लागतो ती पालवी, आणि माथ्यावर स्थिरावतो तो भरलेला काळ. तळापासून माथ्यापर्यंतची निम्मी चढण ज्या दिवशी पार होते, ती "पालवीची तारीख" धरायची पद्धत आहे. काही जण निम्म्याऐवजी पाचवा हिस्सा धरतात. कुठलीही धरा, दरवर्षी तीच धरली म्हणजे झालं.

या कामासाठी आपल्या बेळगाव जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. पश्चिमेला कणकुंबी-आमगावकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटरवर अथणीला ५०० ते ६००. जिल्हा एकच, सूर्य तोच, दिवसाची लांबीही जवळजवळ तीच. बदलतं ते पाणी.

कणकुंबीजवळ, मलप्रभा उगम पावते त्या भागातल्या सदाहरित रानाची रेघ जवळजवळ सपाट येते. तिथली झाडंही पानं बदलतात, पण जुनी गळायच्या आत नवी येतात. वरून बघणाऱ्याला टक्कल कधी दिसतच नाही. शिवाय दाट रानात आकडा एका मर्यादेला जाऊन थांबतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं तरी पातळी वाढत नाही, तसं. अशा रानासाठी थोडी सुधारलेली दुसरी सूत्रं वापरावी लागतात.

जांबोटी, नागरगाळी, लोंढ्याच्या पानझडीच्या रानाची रेघ सगळ्यांत बोलकी. जानेवारीनंतर ती उतरू लागते, फेब्रुवारी-मार्चात तळाला जाते आणि मग पाऊस यायच्या आतच वर चढायला लागते. जमीन तापलेली, ओढे आटलेले, आणि झाडं पालवी काढतात. यावर पुढे येतो.

गोकाक-सौंदत्तीकडच्या काटेरी झुडपांच्या माळाची रेघ पावसाच्या मागे मागे चालते. पाऊस झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत उसळी, पाऊस गेला की घसरण.

आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडचा कॅनॉलखालचा चौकोन घेतला तर रेघ ऋतूंना जुमानतच नाही. ऊस लागला की चढते, कारखान्याची तोड आली की एका रात्रीत कोसळते. शेजारी दुसऱ्याचा खोडवा वाढत असतो. ही रेघ हवामानाची कमी आणि कारखान्याच्या गळीत हंगामाची जास्त.

थंडीचा नव्हे, पाण्याचा हिशेब

युरोप-अमेरिकेतल्या बातम्यांत वाचतो की तापमान वाढल्यामुळे वसंत लवकर येतोय. तिथे खरंच तसं आहे. बर्फ वितळलं, ऊब आली की झाड जागं होतं, त्यामुळे ऊब आधी तर पालवी आधी. तोच नियम इथे लावला की घोटाळा होतो. बेळगावच्या झाडाला ऊब कधीच कमी पडत नाही. त्याची अडचण पाणी.

मग पाण्याची अडचण असताना कोशिंब भर उन्हाळ्यात पालवतं कसं? एकतर या झाडांची मुळं खोल असतात. गेल्या पावसाळ्यात खोल जमिनीत मुरलेलं पाणी आणि खोडात साठवलेला ओलावा यांवर ती पालवी काढतात. मे-जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा त्यांची पानं कामाला तयार असतात. बाकीची झाडं तेव्हा कुठे कळ्या उघडत असतात. दुसरं म्हणजे पावसानंतर पानं खाणाऱ्या अळ्या-किड्यांचा सुळसुळाट होतो, तोवर ही पानं जून होऊन गेलेली असतात.

वेळ कशावरून कळते? बऱ्याच झाडांना दिवसाच्या लांबीवरून. बेळगावात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या दिवसात पावणेदोन-दोन तासांचा फरक असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस मोठा व्हायला लागतो, हा इशारा काही झाडांना पुरतो. साग मात्र बराचसा वळवाच्या सरींची वाट बघतो.

इथेच हवामानबदलाची खरी मेख आहे. दिवसाची लांबी बदललेली नाही आणि बदलणारही नाही. पाऊस मात्र बदलतोय. म्हणजे एकाच रानात काही झाडं जुन्याच घड्याळावर चालणार आणि काही नव्या पावसावर. "सगळंच लवकर झालं" असं सरसकट होत नाही, त्यांची एकमेकांशी असलेली जुळणी सुटते. शिवाय आधीच्या पावसाळ्याची सावली पुढच्या उन्हाळ्यावर पडते. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता आणि त्या वर्षी कर्नाटकातल्या बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. अशा वर्षी जमिनीत मुरायला पाणीच कमी असतं. पानझडीच्या झाडांची पानं लवकर गळतात आणि रेघेचा तळ आधी येतो. पुढच्या मार्चातली पालवी समजून घ्यायची तर गेल्या ऑगस्टाचा पाऊस बघावा लागतो.

"पावसाळ्यात तर नुसते ढग! दिसतं काय?"

रास्त शंका आहे. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यावर आठवडे-आठवडे ढग असतात.

लग्नातला ग्रुप फोटो आठवा. एका फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. म्हणून दहा काढायचे आणि चांगला तेवढा ठेवायचा. मोडिसचं तसंच करतात. सोळा दिवसांतल्या सगळ्या आकड्यांपैकी स्वच्छ दिवसाचा आणि मोठा आकडा निवडतात, कारण ढग, धूर, धूळ हे सगळे आकडा खालीच ओढतात, वर नेत नाहीत. उसाचा पाला पेटवल्यावरचा धूरसुद्धा. तरीही जुलैच्या संततधारेत सोळाच्या सोळा दिवस वाया जाऊ शकतात. मग आजूबाजूच्या आकड्यांवरून रेघ जुळवून घ्यावी लागते. त्यामुळे पावसाळ्यातल्या तारखांवर मी कमी विश्वास ठेवतो. सुदैवाने आपल्या पानझडी रानाची पानगळ आणि पालवी कोरड्या दिवसांत, म्हणजे आभाळ बरंच मोकळं असताना होते.

ढगांच्या आरपार बघायला रडार आहे. ते स्वतःच्या लहरी सोडून परतलेल्या लहरी टिपतं, त्याला ऊन लागत नाही आणि ढग अडवत नाहीत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह गेला. त्यावर दोन प्रकारची रडार आहेत आणि दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. रडारला रंग कळत नाही, पण पानं-फांद्यांची ठेवण आणि त्यांतला ओलावा कळतो. घाटातल्या पावसाळी रानासाठी याची फार गरज होती.

"हिरवं वाढलं म्हणजे जंगल वाढलं की!"

नाही. आणि हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त सलतो.

२०१९ साली मोडिसच्या आकड्यांवरचा एक जगभर गाजलेला अभ्यास आला. चीन आणि भारत जगाची हिरवाई वाढवतायत, असं त्यात दिसलं. आपल्याकडे त्याच्या आनंदाच्या बातम्या झाल्या. पण त्याच अभ्यासात पुढे असंही होतं की भारतातल्या या वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतीची आहे आणि जंगलाचा वाटा जेमतेम ४.४ टक्के. बोअरवेल, कॅनॉल, वर्षातून दोन-तीन पिकं, बारमाही ऊस, या सगळ्याने आकडा वर जातो. अथणीचा उपसा वाढला तरी जिल्हा वरून हिरवा दिसतो.

वन सर्वेक्षणाच्या अहवालातली "वनाच्छादन" ही व्याख्याही जपून वाचायला हवी. एक हेक्टर किंवा अधिक जागा आणि किमान दहा टक्के छत्र, एवढं भरलं की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. काजूची बाग आणि निलगिरीची लागवडही त्यात येते. हिशेब म्हणून ते चूक नाही, पण त्याला भीमगड अभयारण्यातलं रान समजणं चूक आहे.

म्हणूनच मला "हिरवं किती" यापेक्षा "हिरवं कधी" हा प्रश्न मोलाचा वाटतो. निलगिरीची रेघ आणि ऐन-किंजळाच्या रानाची रेघ जूनमध्ये सारखी दिसेल, मार्चात नाही. खरं पानझडी रान मार्चात उघडं पडतं आणि भरतं. वर्षभर सारखा राहणारा चौकोन जिथे पूर्वी चढ-उतार होता तिथे दिसला, तर समजावं की खालचं काहीतरी बदललंय.

"तोडीमुळे झालं की हवामानामुळे?"

हे वेगळं करणं हाच या कामातला कस. त्यासाठी आधी असे चौकोन निवडतात जिथे माणसाचा हात कमी लागलाय. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, त्याचा गाभा अशा कामाला बरा. मग त्याच पावसाच्या पट्ट्यातल्या, पण रस्ता, तोड, वणवा लागलेल्या चौकोनांशी तुलना करायची. दोन्हीकडे तारीख एकाच दिशेने सरकली तर बोट हवामानाकडे जातं. फक्त रस्त्याकडेची सरकली तर कारण जमिनीवर शोधायचं. त्यातही एखादं वर्ष एल निन्योचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याचं असतं, एखादं २०१९ सारखं महापुराचं. दोन वर्षांवरून निष्कर्ष काढणं म्हणजे दोन ओव्हर बघून मॅचचा निकाल सांगणं. हवामानाची सरासरी काढायला तीस वर्षं धरायचा प्रघात आहे. मोडिसची पंचवीसच झालीत. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या नोंदी १९८१ पासूनच्या आहेत, पण त्या फार ढोबळ.

"मग उपग्रह सांगतो ते खरंच मानायचं?"

तेही नाही. ॲमेझॉनच्या रानात कोरड्या दिवसांत हिरवाई वाढते, असं मोडिसवरून बरीच वर्षं सांगितलं जात होतं. २०१४ साली एका गटाने दाखवलं की त्यातला मोठा भाग उन्हाचा आणि कॅमेऱ्याचा कोन बदलल्यामुळे दिसणारा भास होता. पुढे मनोऱ्यांवर कॅमेरे लावून झाडांचे शेंडे जवळून बघितले, तेव्हा कळलं की जुनी पानं जाऊन नवी येणं तिथे खरंच घडतं, पण ते उपग्रहाच्या पहिल्या वाचनाइतकं सरळ नाही. वाद मिटवला तो झाडाजवळ जाऊन बघणाऱ्यांनी.

टेराचंही तसंच. त्याचं इंधन संपत आलं, म्हणून २०२० पासून त्याची कक्षा सावरणं थांबवलं. आता तो दिवसाच्या आधीच्याच वेळी डोक्यावरून जातो. ज्या घड्याळाने आपण झाडांची वेळ बघतो ते घड्याळच सरकतंय. हे लक्षात न घेता २०२० नंतरचे आकडे जुन्यांशी जोडले तर खोटा बदल दिसू शकतो.

आणि आपलं कोशिंब? त्याची गंमत तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. त्याची कोवळी पानं लाल, म्हणजे ती लाल प्रकाश परत फेकतात. त्यांत हरितद्रव्यही कमी. उपग्रहाच्या सूत्रात लाल जास्त आला की आकडा खाली. म्हणजे झाडाखाली बसलेल्या काकांना पालवी दिसत असते, तेव्हा उपग्रहाला झाड जवळजवळ उघडंच दिसतं. पानं पोपटी व्हायला लागली की मग तो म्हणतो, पालवी आली. दोघांच्या तारखांत अंतर पडतं आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आठवडाभर इकडेतिकडे झालं तर बिघडलं काय?

पान कधी येतं यावर ते पाणी कधी ओढायला लागतं हे ठरतं. मार्चात लाखो झाडांनी आधीच पालवी काढली तर जमिनीतला ओलावा आधी वर जातो. मलप्रभेचा आणि म्हादईचा उगम याच रानात आहे, आणि या नद्यांच्या पाण्यावरून आपण किती भांडतो ते सांगायला नको. रान आधी आणि जास्त दिवस उघडं राहिलं तर गवत लवकर वाळतं, वणव्याचे दिवस वाढतात. कोवळ्या पालवीवर अळ्या जगतात आणि अळ्यांवर पाखरांची पिल्लं. पालवी सरकली आणि पाखरांची घरटी जुन्याच वेळेला झाली, तर पिल्लांच्या तोंडी घालायला काही उरत नाही. करवंदं, जांभळं आणि काजू विकून शाळेची पुस्तकं घेणाऱ्या खानापूर तालुक्यातल्या घरांना हे सांगावं लागत नाही.

पूर्वेकडे तर हा आकडा थेट पैशाला भिडतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा यांच्याबरोबर उपग्रहाचे हिरवाईचे आकडेही निकष म्हणून धरलेत. म्हणजे अथणीच्या कोरडवाहू ज्वारीचं काय झालं, हे ठरवताना वरून दिसलेलं हिरवं बघितलं जातं. त्याच चौकोनात शेजाऱ्याचा बागायती ऊस असला तर सरासरी बरी दिसू शकते. लॅक्टोमीटरचं उदाहरण मी उगाच दिलं नव्हतं. सरपंच आणि शेतकरी संघटनांनी हे गणित समजून घेतलं तर तक्रार नेमकी करता येईल.

"जुन्या माणसांना विचारलं की झालं की!"

विचारायलाच हवं. पण विचारताना एक अडचण येते, आणि ती मला त्या कोशिंबाखालीच कळली.

काका म्हणाले, "पूर्वी शिमग्याला." शिमगा चांद्र पंचांगावर चालतो. २०२३ साली होळी ६ मार्चला झाली, २०२४ साली २४ मार्चला, २०२५ साली १३ मार्चला. म्हणजे "शिमग्याला पालवलं" हे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी खरं असलं तरी तारखांत अठरा दिवसांचा फरक पडू शकतो. हवामानामुळे एखाद्या दशकात तारीख सरकते ती बहुतेक ठिकाणी याहून कमी. काकांची आठवण चुकीची नव्हती, तिचं माप सरकतं होतं.

याउलट पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो, रोहिणी त्याआधी पंधरा दिवस. म्हणून "रोहिणीत सागाला पान आलं होतं" ही आठवण थेट तारखेत बदलता येते आणि उपग्रहाच्या रेघेशी ताडून बघता येते. आज्जी-आबांना विचाराल तेव्हा सणाबरोबर वर्षही विचारा. "थोरल्या सुनेचं बाळंतपण झालं ते वर्ष", "पूर आला ते वर्ष", काहीही चालेल. त्या वर्षीची होळी कधी होती हे जुन्या पंचांगात सापडतं.

पुढच्या नोंदी आपल्याच हातात आहेत. सीझनवॉच नावाचा देशभरचा उपक्रम आहे. त्यात शाळेची मुलं आणि सामान्य माणसं एक झाड ठरवून दर आठवड्याला त्याची नोंद करतात. इस्रोचं भुवन आणि युरोपच्या सेंटिनेलची चित्रं फुकट बघता येतात. कॉलेजच्या मुलांना गुगल अर्थ इंजिनवर एका चौकोनाची रेघ काढायला आठवडाभरात शिकता येतं. मी स्वतः साधी शंभर पानी वही वापरतो. तारीख, झाड, कोवळं पान किती, जून पान किती, फूल, फळ, आणि शेवटी आभाळ कसं होतं. कोवळ्या पानासमोर रंगही लिहितो, लाल की पोपटी. कोशिंबाच्या बाबतीत उपग्रहाला उशीर नेमका किती होतो, ते त्या एका शब्दावरून काढता येईल.

काकांना मी एक छापील कॅलेंडर देऊन आलोय. पान लाल दिसलं त्या दिवसावर एक फुली, हिरवं झालं त्या दिवसावर दुसरी. "एवढंच?" म्हणाले. एवढंच. दोन फुल्यांमधले दिवस मोजायला मी मेमध्ये परत जाणार आहे.